वेदना : रुग्णाचे सांगणे हेच प्रमाण

ताप तापमापीने मोजता येतो, रक्तदाब यंत्रावर दिसतो. वेदना दाखवणारे असे खात्रीचे यंत्र मात्र दवाखान्यात नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. म्हणूनच तपासण्यांचे अहवाल निर्दोष आले की ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे उत्तर अनेक रुग्णांच्या वाट्याला येते आणि वेदना घेऊनच ते घरी परततात.

या अविश्वासाचा इतिहास जुना आहे. नवजात अर्भकांना वेदना फारशी जाणवत नाही, असा समज १९८० च्या दशकातही रूढ होता. पुष्कळ अर्भकांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. डॉ. के. जे. एस. आनंद व सहकाऱ्यांचा अभ्यास १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत शरीरावरील ताण व नंतरची गुंतागुंत कमी आढळली. वेदनाशमन हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रौढांचा अनुभवही फार निराळा नाही. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. पाळीच्या दिवसांत असह्य कळा येतात. सोनोग्राफीत मात्र अनेकदा काही दिसत नाही. ‘बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते’ असे घरी व दवाखान्यातही ऐकावे लागल्याने निदानास कित्येक वर्षे लागतात.

वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. रुग्णाने सांगितलेल्या वेदनेचा आदर व्हावा आणि बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते, हे तिच्या टिपांत नमूद आहे.

नातेवाइकांनी येथे मोलाचे साहाय्य करावे. दुखणे कोठे, केव्हापासून, कसे (ठणका, जळजळ, की कळ), कशाने वाढते, हे लिहून आणावे. शून्य म्हणजे वेदना नाही व दहा म्हणजे कल्पनेतील सर्वाधिक वेदना, या मापाने रोजचा आकडा नोंदवावा. झोप मोडते काय, जेवण, चालणे थांबले काय, तेही सांगावे. वृद्ध वा बोलू न शकणाऱ्या रुग्णाचे कण्हणे, कपाळावरील आठ्या, कूस बदलताना होणारा विरोध यांकडे लक्ष द्यावे.

कारण सापडण्यास वेळ लागू शकतो. विश्वास ठेवण्यास मात्र अहवालाची वाट पाहावी लागत नाही. ‘तुमचे दुखते, हे आम्ही मानतो’ या वाक्यापासूनच रुग्णसेवेचा आरंभ व्हावा.