अर्ज लिहिता लिहिता

जाफराबादच्या तहसीलसमोर टेबल-खुर्ची टाकून अर्ज लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वारस नोंद, फेरफार, जातीचा दाखला, जे येईल ते. कागद होईपर्यंत माणूस समोर बसून बोलत राहतो आणि दुसऱ्यांबद्दलच्या त्याच्या पक्क्या समजुती हळूहळू बाहेर पडतात. बहुतेकांना शेंडा ना बुडखा. तरी त्या टिकतात, कारण कुणाची ना कुणाची त्यात सोय असते.

१. उर्दू कागद म्हणजे मुसलमानाचा कागद नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १८८४ च्या सुमारास तिथं फारसी जाऊन उर्दू ही दप्तराची भाषा झाली होती. जमीन पाटलाची असो की माळ्याची, नोंद उर्दूत नाहीतर मोडीत. पण घरच्या ट्रंकेत असला कागद निघाला की लोक म्हणायचे, "हा आपला नाही, कुण्या खानाचा दिसतो." कितीतरी कागद असे चुलीत गेले. मग २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि त्याच कागदांना सोन्याचा भाव आला. वाचणार कोण? गल्लीतले निवृत्त उर्दू मास्तर. ज्यांच्या ओट्याला कधी पाय लागला नव्हता, तिथं मंडळी जाऊन बसली : "चाचा, तेवढं आमच्या पणजोबाचं नाव बघा ना." चाचांनी चहा पाजून नावं वाचून दिली. लोक त्यांच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचे, चाचा उत्तर द्यायचे इथल्या ठसकेबाज मराठीत. तरी "मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो" हे त्यांना ऐकावं लागलंच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आपलं नवल अजून ओसरलेलं नाही.

२. ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्याबद्दल माणसाची मतं सगळ्यात ठाम असतात. भाच्यासाठी खोली बघायला मी छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. आमच्या आधी आलेल्या दोन आफ्रिकन विद्यार्थ्यांना घरमालकानं "खोली गेली" म्हणून वाटेला लावलं आणि चावी आमच्या हातात ठेवली. कारण विचारलं तर म्हणाला, "ही पोरं दंगा घालतात." याआधी कुणाला ठेवलं होतं का? नाही, कधीच नाही. हे शहर खडकी या नावानं १६१० मध्ये वसवलं मलिक अंबरनं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्यानं खोदवलेल्या नहरीचं पाणी शहर शतकानुशतकं प्यालं, आणि जमिनीचा कस बघून धारा ठरवायची त्याची पद्धत आम्हा सातबारावाल्यांना तर ठाऊक असायलाच हवी. मी हे त्या मालकाला सांगितलं. "ते वेगळे होते हो," तो म्हणाला. एकाला अपवाद ठरवून डोक्यावर घ्यायचं आणि बाकीच्यांना दारातून परत पाठवायचं, ही युक्ती मी पुढं फार ठिकाणी पाहिली.

३. "बायकांची बोटं नाजूक" हे वाक्य मजुरीच्या दिवशी ऐकून बघावं. जालन्यात १९६४ मध्ये महिको सुरू झाली, बियाण्याचा धंदा वाढला आणि आता आमच्या भागातही शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन चालतं. क्रॉसिंग करायचं म्हणजे न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग हातानं लावायचे. जराही धसमुसळेपणा चालत नाही. या कामाला बायाच हव्यात म्हणतात, बोटं नाजूक म्हणून. तीच बाई पहाटे शेण काढून, सरपण फोडून आलेली असते. बरं, असं कसब असलेल्या बोटांना गड्यापेक्षा जास्त मजुरी द्यावी, हे कुणाला सुचत नाही. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, ते मात्र पुरुषाच्याच हाती!

४. देऊळगाव राजाच्या अलीकडं लोक सांगतात, वऱ्हाडी माणूस आळशी. पलीकडं सांगतात, मोगलाईतला माणूस आळशी. मधली सरहद्द इंग्रज आणि निजाम यांची होती, तीही कधीच पुसली गेली. सोयरिकी दोन्हीकडून जोरात चालू आहेत.

५. गावाबाहेर पालं पडली की "जपून राहा रे" सुरू होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का राहिला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. माझ्याकडं या समाजांची माणसं दाखल्यासाठी येतात. त्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबाला कुठल्या गावानं वेशीत टिकू दिलं नाही, त्यांच्याकडं रहिवासाचा कागद कुठून येणार?

६. हक्क मागणारी बहीण लोभी, सोडणारी गुणाची. जमिनीला भाव नव्हता तेव्हा हे बोलणं इतकं ऐकू येत नव्हतं. रस्त्याच्या कडेचे तुकडे महागले तशी हक्कसोडपत्रं वाढली. मुलीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मान्य केला, देशानं ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि हा हक्क जन्मानं मिळतो असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. सही करायला आलेली बहीण बहुधा मान खाली घालून बसते आणि भाऊच सांगतो, "तिला काही नको आहे." हे वाक्य मी कधी बहिणीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं नाही. आता मी भावाला पान खाऊन यायला सांगतो आणि तिला विचारतो, "अक्का, काय लिहू?" एखादी सोडते, एखादी सांगते, "लिहा, वाटा ठेवायचा." वारस नोंदीला याल तेव्हा बहिणीला सोबत आणा, आणि तिच्या वाट्याचं तिलाच बोलू द्या.