मन घरी आणण्याचा सराव



संध्याकाळची जपमाळ सुरू असते. ओठ बरोबर चालतात, मणी बोटांतून पुढे सरकतात आणि तिसरे रहस्य आले तरी दुसरे कधी संपले हे आठवत नाही. तेवढ्या वेळात आपण मुलाच्या फीचा हिशेब करतो, साहेबांना मनातल्या मनात चार शब्द सुनावतो आणि उद्याच्या लोकलच्या गर्दीतही घुसून येतो. देह घरात, मन गावभर!

मन भटकते यात पाप नाही, तो मनाचा स्वभाव आहे. पण कित्येकदा ते भटकून एकाच ठिकाणी जाते. झालेली चूक पुन्हा पुन्हा उगाळते, न झालेल्या संकटाची धास्ती घेते. मग झोप उडते, चिडचिड होते, घरातल्या माणसांशी बोलणे तुटते. अशा मनासाठी 'माइंडफुलनेस', म्हणजेच सजग ध्यान, करावे असे आज डॉक्टरही सुचवतात. तेव्हा आपल्यापुढे दोन प्रश्न येतात. याचा खरोखर उपयोग होतो का? आणि ख्रिस्ती माणसाने ते करावे का?

सजग ध्यान म्हणजे काय?

आपण शुभवर्तमानातील उतारा वाचून त्यावर विचार करतो, ते मनन-चिंतन. सजग ध्यानात विचार करायचा नसतो, लक्ष द्यायचे असते. येणारा-जाणारा श्वास, पायाखालची जमीन, कानावर पडणारा आवाज, जे या क्षणी आहे त्याकडे. मन कोरे करायचे नसते. विचार येतीलच. 'मन गेले' हे ओळखायचे आणि रागावल्याशिवाय त्याला परत आणायचे. दहा वेळा गेले तर दहा वेळा आणायचे. हे परत आणणे हाच खरा सराव. हळूहळू कळू लागते की 'माझे काही खरे नाही' हा मनात आलेला एक विचार आहे, देवाने दिलेला निकाल नव्हे.

हे आले कोठून?

याचे मूळ बौद्ध परंपरेत आहे. श्री. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यना शिकवली. १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. उत्तनच्या पलीकडे गोराईला दिसणारा सोनेरी पॅगोडा त्याच परंपरेचा. त्याचे उद्घाटन २००९ साली झाले. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या दुखण्याने त्रस्त रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. त्यात धर्माचा भाग नव्हता. तेथून हा सराव इस्पितळांत पोहोचला.

आपल्या घरातही हा वारसा आहे. संत इग्नेशियस यांनी दिवसाच्या शेवटी थांबून, दिवस कसा गेला आणि देव कोठे भेटला हे पाहायला शिकवले. त्यांच्याच येशूसंघातील फादर अँथनी डिमेलो हे आपल्या मुंबईचे, जन्म १९३१ चा. त्यांनी सुरू केलेली 'साधना' संस्था पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ साली त्यांचे 'साधना' हे पुस्तक निघाले. त्यातील सुरुवातीचे धडे शांततेचे, शरीराच्या संवेदनांचे आणि श्वासाचे आहेत. तेथून वाचक पुढे येशूबरोबरच्या प्रार्थनेकडे जातो. श्वास हा उंबरठा, भेट आत.

ख्रिस्तसभा काय सांगते?

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी रोममधील श्रद्धाविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानावर सर्व बिशपांना पत्र लिहिले. इतर धर्मांतील ध्यानाच्या योग्य पद्धती माणसाला शांत मनाने देवापुढे उभे राहायला मदत करू शकतात, असे त्यात म्हटले आहे. सोबत इशाराही आहे: शरीराला वाटणारा निवांतपणा म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये. याच मंडळाने १९९८ मध्ये, फादर डिमेलो यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, त्यांच्या लेखनाविषयीही सावध केले. सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असले तरी त्यातील काही भाग, आणि त्याहून अधिक नंतरची पुस्तके, श्रद्धेपासून दूर जातात, असे मंडळाने सांगितले. म्हणून पद्धत घ्यावी, पण प्रभूला सोडू नये. श्वास पाहणे ही प्रार्थनेची जागा झाडणे आहे. जागा झाडली म्हणजे पाहुण्याचे स्वागत झाले असे नाही.

उपयोग होतो का?

होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. नैराश्यातून बऱ्या झालेल्या १४५ जणांचा ब्रिटन व कॅनडातील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात फक्त नेहमीची देखभाल मिळालेल्या ६६ टक्के लोकांना ते पुन्हा आले. सजगतेचा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. मात्र ज्यांना दोनदाच नैराश्य आले होते त्यांना असा फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत चिंतेच्या विकाराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांचा वर्ग एका नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला. दोन्हीकडे शिकवणारे जाणकार होते आणि घरी रोजचा सराव होता, हे विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. चालू असलेली गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. डोळे मिटून बसल्यावर जुना आघात वर येऊन त्रास वाढत असेल तर सराव थांबवावा व डॉक्टरांना सांगावे. आणि कोणी 'मला जगावेसे वाटत नाही' म्हणाले, तर त्याला 'जास्त प्रार्थना कर' एवढेच सांगून परत पाठवू नये. मनाचा आजार म्हणजे श्रद्धेची कमतरता नव्हे. मधुमेह झालेल्याला आपण 'तुझा विश्वास कमी पडला' असे म्हणतो का? त्याच्याजवळ बसा, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र चालू असते. प्रार्थना आपण करूच, पण त्याचा हात धरून.

या आठवड्याचा सराव

१. घरी खुर्चीत किंवा जेसल पार्कच्या खाडीकिनारी बाकावर पाच मिनिटे बसा. मोबाइल बंद ठेवा.
२. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. नाकपुड्यांशी त्याचा स्पर्श जाणवू द्या.
३. खाडीच्या पुलावरून गाडी गेली तर आवाज ऐका आणि जाऊ द्या. आपल्या विचारांनाही तसेच जाऊ द्या.
४. मन गेले की हळूच परत आणा.
५. शेवटी 'प्रभो, मी येथे आहे' एवढे म्हणा आणि मग जपमाळ हाती घ्या.

मार्था कामाच्या ओझ्याखाली किती अस्वस्थ झाली होती आणि मरिया प्रभूच्या पायाशी कशी बसली होती, ते आपण जाणतो. मार्थाचे काम वाईट नव्हते. तिचे मन मात्र एकाच वेळी दहा ठिकाणी होते. आपली कामे काही कमी होणार नाहीत. पण पाच मिनिटे तरी आपण जेथे बसलो आहोत तेथे असू या. प्रभू तेथेच भेटतो.

समूहसभेत चर्चेसाठी

• माझे मन वारंवार कोणत्या एकाच चिंतेकडे जाते?
• माझ्या इमारतीत मनाने खचलेले कोणी आहे का? या आठवड्यात मी त्यांच्याकडे कधी जाईन?