पाचट कुजते ते कोणाच्या हाताने?



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात साग आणि बांबूखाली दरसाल पाल्याचा थर साचतो. तिथे कोणी खताची गाडी नेत नाही, तरी पावसाळ्यात तो पाला कुजून मातीला मिळतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जिथे पेटवतात, तिथे मात्र नुसती राख उरते. आपणही तोडणी झाली की म्हणतो, "पाचट पेटवलं की रान मोकळं!" बांबू आणि ऊस दोघेही गवताच्याच कुळातले. तेव्हा जंगलात पाला कुजतो कसा, हे आपण समजून घेऊ.

पाल्यात मुख्य भाग सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या हजारो मण्यांची माळ. अशा अनेक माळा घट्ट चिकटून दोर बनतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि बुरशीला गिळताही येत नाही. म्हणून बुरशी अंगातून प्रथिने बाहेर सोडते. त्यांना एन्झाइम म्हणतात.

तोडणीवाला एका हाताने ऊस धरतो आणि दुसऱ्या हाताने कोयता चालवतो. यातल्या पुष्कळ प्रथिनांचे तसेच आहे. एक भाग धरणारा, दुसरा कापणारा. बुरशीच्या प्रथिनातील धरणारा भाग अगदी लहान, सुमारे ३६ अमिनो आम्लांचा असतो. त्याची एक बाजू सपाट असून तिच्यावर तीन कडी ओळीने बसलेली असतात. कड्यांमधील अंतर माळेतील एकाआड एक मण्यांशी जुळते. ही खूण पटली की पकड बसते. पण ती सरसासारखी कायमची नव्हे. प्रथिन पुढे सरकत कापत जाते.

पाल्यात झायलन नावाची दुसरी माळही असते. ती पीळदार असल्याने तिला निराळ्या आकाराची पकड लागते. शिवाय लिग्निनचा लेप आड येतो. एन्झाइम त्यालाच चिकटून वाया जाते. जंगलातील काही बुरश्या हा लेपही फोडतात.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापड कुजवणारी एक बुरशी सापडली. तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले. तिच्या एका एन्झाइमच्या पकडीची रचना १९८९ साली उलगडली.

आता आपल्या खोडव्याकडे वळू. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते बुडख्यांवरून सारून सरीत घ्यावे आणि बारीक करावे, म्हणजे पकडीला जागा जास्त मिळते. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. युरिया कशाला? प्रथिन नत्राशिवाय बनत नाही, आणि पाचटात नत्र फार थोडे. युरिया दिला नाही तर जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. नंतर पाणी देऊन पाचट मातीला दाबावे. कोरड्या पाचटात एन्झाइम हलत नाही.

काडी ओढायला क्षणभर पुरतो. कुजायला काही महिने लागतात. पण तेवढे थांबलो, तर जंगलाला जे फुकट मिळते ते आपल्या जमिनीलाही मिळेल.