शिर्डीचा पिनकोड आणि मूळ संख्यांचे धडे

मूळ संख्या शिकवताना मी वर्गात आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याचे पिनकोड घेते. पाकिटावरच्या त्या सहा अंकांनी मुलांना आणि मला जे शिकवलं, ते असं:

१. दिसण्यावर जाऊ नका.
नगर शहराचा पिनकोड ४१४००१. दोन, तीन, पाच यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून मुलं लगेच म्हणतात, "बाई, ही मूळ!" सातने भागून बघा: ५९१४३. पुन्हा सातने: ८४४९. पुन्हा: १२०७. आणि १२०७ म्हणजे १७ × ७१. तीनदा सात, वर एकमेकींच्या उलट अंकांची ही जोडी!

२. कुठे थांबायचं ते आधी ठरवा.
शिर्डीचा पिनकोड ४२३१०९. त्याचं वर्गमूळ ६५० च्या जरासं पुढे. एक अवयव त्याहून मोठा असेल, तर जोडीचा लहान असणारच. म्हणून ६५० पर्यंतच्या ११८ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. हे भागाकार वर्गात वाटून द्यावेत. प्रत्येकाच्या वहीत बाकी उरते, कुणाचीच शून्य येत नाही. ४२३१०९ ही मूळ संख्या आहे, हे मुलांनी स्वतः सिद्ध केलेलं असतं.

३. शेजारावरून अंदाज बांधू नका.
राहाता शिर्डीला लागूनच. पिनकोड ४२३१०७, फक्त दोनने कमी. पण तो ५२३ × ८०९ आहे. हा गुणाकार पाचवीतलं मूल करतं. उलट, अवयव शोधायला बसलात तर ५२३ च्या आधीच्या ९८ मूळ संख्या फुकट जातात. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत हीच अडचण इतकी वाढते, की इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धत तिच्याच भरवशावर उभी आहे.

४. बाकी फेकून देऊ नका.
४२३१०९ ला चारने भागलं की बाकी एक. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, तीही एकाच प्रकारे. फर्माने हे सतराव्या शतकात सांगितलं, ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं. शिर्डीची बेरीज अशी: ४२२² + ४९५², म्हणजे १,७८,०८४ + २,४५,०२५.

५. मोठं गणित शेजारच्या जिल्ह्यातही घडतं.
देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ हा स्थिरांक शोधला. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसतील, तर चार अंकांत ही वाट ६१७४ वर संपते, तीन अंकांत ४९५ वर. शिर्डीच्या पिनकोडातले पहिले तीन अंक घ्या, ४२३: ४३२ − २३४ = १९८, मग ७९२, ६९३, ५९४, ४९५. वरच्या बेरजेतला तोच ४९५! हा योगायोगच, पण तो मुलांना दिसतो तेव्हा वर्ग उसळतो.

६. वही-पेन्सिल कमी लेखू नका.
ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी मूळ संख्येत चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. ती संगणकांनी शोधली. पण तिला विचारलेला प्रश्न आपल्या मुलांनी शिर्डीला विचारला तोच: तुला दुसऱ्या कुणाने भाग जातो का? हा प्रश्न विचारायची सवय लागली, की मूल गणिताला घाबरत नाही.