बाबांची गोळी, आईची दुपार

प्रश्न : आम्ही दिल्लीत बाडा हिंदूरावला राहतो. बाबांना पार्किन्सन्स आहे. जेवणानंतर दिलेल्या गोळीचा गुण येत नाही, उंबऱ्याशी पाय अडतात. आई चिडते. काय करावं?

उत्तर : बाबांची गोळी लेव्होडोपाची असेल, तर ती जेवणाआधी अर्धा तास द्या; वरण, पनीर यांतली प्रथिनं तिच्या शोषणात अडथळा आणतात. मळमळलं तर सोबत साधं बिस्किट चालेल. गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका. पाय थिजले की ओढू नका. उंबऱ्याआधी जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा, ती ओलांडायला सांगा. आईंना आवर्जून सांगा, बाबा हट्ट करत नाहीत; चेहराही आजारानेच निर्विकार होतो. आईंना आठवड्यातून एक दुपार पूर्ण मोकळी द्याच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे; दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.