'उमिझारू' : वाचविणारे कोण, वाचणारे कोण?

(द्वितीय वर्ष कला)

चित्रपट पाहून आल्यावर आपण कथा, अभिनय व छायाचित्रण यांविषयी बोलतो. परंतु पडद्यावर कोणाला स्थान मिळाले आणि ते कशा प्रकारचे मिळाले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात 'उमिझारू' या जपानी चित्रपटाचा त्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

'उमिझारू' म्हणजे समुद्रातले माकड. शुहो सातो यांच्या चित्रकथामालेवर आधारलेला हा चित्रपट एइचिरो हासुमी यांनी दिग्दर्शित केला. तो २००४ साली प्रदर्शित झाला आणि २००६, २०१० व २०१२ साली त्याचे पुढील भाग आले. जपानच्या तटरक्षक दलातील चौदा तरुण हिरोशिमा प्रांतातील कुरे येथे पाणबुड्याचे शिक्षण घेण्यासाठी येतात. सेनझाकी हा नायक त्यांतलाच एक.

या शिक्षणाचा पाया म्हणजे जोडीदार. पाण्याखाली दोघांनी एकमेकांचा जीव सांभाळायचा. शिक्षक मिनामोतो एकदा विचारतात, चाळीस मीटर खोल दोघे अडकलात आणि हवा एकालाच पुरेल एवढी उरली, तर काय कराल? शेवटी असाच प्रसंग सेनझाकी व त्याचा प्रतिस्पर्धी मिशिमा यांच्यावर येतो. जोडीदाराला टाकून वर यायचे नाही, हेच चित्रपटाचे उत्तर आहे. आता याच मापाने आपण चित्रपटालाच मोजून पाहू.

सेनझाकीचा पहिला जोडीदार कुदो हा तुकडीतला सर्वांत कच्चा विद्यार्थी. त्याच्यामुळे सेनझाकीही मागे पडतो, तरी तो त्याला सोडीत नाही. हा भाग मला फार जवळचा वाटला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी कुदोसारखीच धापा टाकीत होते. शेजारच्या मैत्रिणीने वही पुढे सरकविली म्हणून तरले. म्हणूनच पुढे बुडणाऱ्यांना वाचवायला गेलेला कुदो स्वतःच प्राणास मुकतो, तेव्हा मला दुःखाबरोबर रागही आला. त्याच्या मरणाने नायक मोठा होतो. पण दुर्बळाने शिकून पाणबुड्या झालेले आपल्याला का दिसू नये? त्याला पडद्यावर आणले खरे, पण शेवटपर्यंत नेले नाही.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. चौदा जणांत एकही मुलगी नाही. नायिका कान्ना टोकियोत मासिकात काम करते; परंतु कथेत तिच्या वाट्याला मुख्यतः प्रेम करणे आणि काळजी करणे येते. २००६ च्या भागात बुडत्या जहाजावरील दुकानात काम करणारी एक गर्भवती स्त्री आहे. तिला नाव आहे, धैर्यही आहे. पण तिचे स्थान वाचविल्या जाणाऱ्यांतच.

येथे कोणी म्हणेल, हे काम अंगमेहनतीचे व जिवावरचे, त्यात स्त्रिया नसणे स्वाभाविकच. परंतु जपानच्या तटरक्षक दलात १९७९ पासून स्त्रियांची भरती होत आली आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्याच देशात 'आमा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया शतकानुशतके समुद्रात बुड्या मारीत आहेत. हवेच्या टाकीवाचून, केवळ श्वास रोखून त्या तळाशी जातात आणि शंखशिंपले व समुद्रशैवाल काढून आणतात. मिए प्रांतातील तोबा व शिमा येथील आमांच्या या कौशल्याला २०१७ साली जपान सरकारने राष्ट्रीय लोकसंस्कृतीचा महत्त्वाचा ठेवा म्हणून मान्यता दिली. सागरतळाशी स्त्रीचे इतके जुने नाते असलेल्या देशात पाणबुड्यांचा चित्रपट निघतो, आणि त्यात स्त्री तेवढी किनाऱ्यावर उभी!

यावरून चित्रपट वाईट ठरतो असे मुळीच नाही. पाण्याखालील दृश्ये पाहताना आपलाही श्वास कोंडतो. जोडीदाराला न सोडण्याचा त्याचा संदेश थोर आहे, म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही अधिक. प्रतिनिधित्व म्हणजे गर्दीत एखादा निराळा चेहरा उभा करणे नव्हे. ज्याला आपण बरोबर घेतले, त्याला कामाचा वाटा देणे आणि वर येईपर्यंत त्याचा हात न सोडणे, हे खरे प्रतिनिधित्व होय. मिनामोतोंचा प्रश्न विद्यार्थ्यांइतकाच चित्रपट काढणाऱ्यांनाही लागू आहे, आणि वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या सर्वांनाही.