विजेवरचा बेंजो

मुलांनो, ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे मागांचे गाव. तेथे पूर्वी हातमागावर कापड विणले जाई. पुढे वीज आली आणि यंत्रमाग सुरू झाले. माग बदलला, पण उभे आणि आडवे धागे तेच राहिले. वाद्यांचेही असेच झाले आहे.

लग्नाच्या वरातीत तुम्ही बेंजो ऐकला असेल. लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि टंकलेखन यंत्रासारखी बटणे! वादक एका हाताने बटणे दाबतो आणि दुसऱ्या हातातील नखीने तारा छेडतो. हे वाद्य मूळचे जपानचे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते तयार केले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले. 'बुलबुल' तुमच्या उर्दूत आहे, 'तरंग' मराठीत. तरंग म्हणजे लाट.

बुलबुलतरंगाचा आवाज नाजूक. ढोलताशांपुढे तो ऐकूच येत नसे. मग वादकांनी विजेची मदत घेतली. तारांजवळ लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे बसवतात. तार थरथरली, की वेटोळ्यात थोडीशी वीज निर्माण होते. यंत्र ती वाढवते आणि कर्ण्यातून सूर घुमतो.

विजेने लोकसंगीत बिघडते, असे काहींना वाटते. अमेरिकेतही हा वाद झाला. बॉब डिलन साधी गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवून लोकगीते गात. मार्च १९६५ मध्ये त्यांची एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला विजेच्या गिटारीची साथ होती. त्या गाण्यांत ब्लूजचा, म्हणजे तेथील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा, ठसा होता. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात ते विजेची गिटार घेऊन उभे राहिले. तेव्हा अनेक श्रोत्यांनी हुर्यो उडवली. डिलन यांनी ती वाट सोडली नाही. २०१६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांनो, वीज आवाज मोठा करते. सूर मात्र बोटांतूनच येतो. चुकीचे बटण दाबले, तर चूकही साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाते! म्हणून विजेवरच्या वादकाला अधिक रियाज हवा. यंत्रमाग विजेवर चालतो. पण तुटलेला धागा विणकर हातानेच जोडतो.

स्वाध्याय
१. बुलबुलतरंग कसे वाजवतात?
२. न्यूपोर्टला श्रोते का रागावले असतील?
३. 'सूर बोटांतूनच येतो' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.